साखळी, कालवा आणि बुडीत रेषा : नकाशांतून उलगडणारा इंदापूर तालुका

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका वसला आहे. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाने भीमा वाहते, दक्षिणेने नीरा, आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात नरसिंहपूरला दोघींची गाठ पडते. दोन बाजूंना दोन मोठ्या नद्या असूनही हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा म्हणूनच ओळखला गेला. सह्याद्री दूर, पाऊस वर्षाला जेमतेम वीस-बावीस इंच आणि तोही लहरी. नद्यांची पात्रे खोल आणि शेते उंचावर. आज याच तालुक्यात नीरेच्या अंगाला उसाचे मळे दिसतात, मधल्या भागात अजूनही माळ आणि जिरायत आहे, आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूला नजर पोहोचेल तिथपर्यंत पाणी पसरलेले आहे.

हा बदल सांगणारे अहवाल आणि गॅझेटियर भरपूर आहेत. पण या तालुक्याचे वेगवेगळ्या काळांतले नकाशे एकावर एक ठेवून पाहिले, की नुसत्या अहवालांतून न दिसणारी एक गोष्ट समोर येते. जमीन आधी बदलते आणि नकाशा मागाहून तो बदल टिपतो, असे आपण धरून चालतो. इंदापुरात तीनदा याच्या उलट घडले. १८३६मध्ये मोजणीदाराच्या साखळीने आखलेल्या बांधांनी, १८८५च्या सुमारास इंजिनिअरने आखलेल्या कालव्याच्या रेषेने, आणि १९८०मध्ये धरणाच्या पाणपातळीच्या रेषेने इथल्या लोकांचे पुढचे आयुष्य ठरवले. प्रत्येक वेळी रेषा आधी कागदावर उमटली आणि नंतर जमिनीवर उतरली. म्हणून या तालुक्याचा इतिहास वाचायचा तर तो नकाशांतूनच वाचायला हवा.

नकाशाआधीचा मुलूख

इंग्रज येण्यापूर्वी इथल्या जमिनीची नोंद नव्हती असे नाही. मलिक अंबरच्या काळापासून दख्खनेत जमाबंदीची शिस्त होती, शिवकाळात काठीने मोजणी झाली, पेशवाईत कमाल आकार (पूर्ण साऱ्याची रक्कम) ठरला. पण हे सगळे ज्ञान शब्दांत आणि आकड्यांत होते. गावचा कुलकर्णी मोडीत जो थळझाडा लिहीत असे, त्यात शेताला नाव असे, कसणाऱ्या घराण्याचे नाव असे, बिघे आणि चाहूर असत आणि चतुःसीमा असे : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे थळ, उत्तरेस गाडीवाट. शेत कुठे आहे हे कळण्यासाठी गाव माहीत असावे लागे. बाहेरच्या माणसाला तो कागद वाचून शेतापर्यंत पोहोचता येत नसे. पाटील किंवा कुलकर्णी बरोबर लागे. गावाचे गुपित गावातच ठेवणारी ही व्यवस्था होती. तिच्यात वतनदारांचा फायदा होता आणि गावाला थोडे संरक्षणही होते.

१८०३-०४च्या दुष्काळाने दख्खनचा हा भाग हादरला होता. १८१८मध्ये पेशवाई संपली तेव्हा इंदापुरात पडीक जमीन पुष्कळ होती आणि कसणारे हात थोडे. नव्या सरकारने सुरुवातीला जुनाच कमाल आकार मागितला. त्यात धान्याचे भाव घसरले. रोख सारा तितकाच राहिला आणि तो भरायला पूर्वीपेक्षा जास्त धान्य विकावे लागू लागले. जमीन टाकून लोक शेजारच्या निजामी मुलखात निघून जाऊ लागले.

यावर उपाय म्हणून रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागाची नवी पाहणी केली. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसकडून अर्थशास्त्र शिकून तो आला होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यायचा, असे त्याचे सूत्र होते. सूत्र तर्कशुद्ध होते. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे म्हणजे हजारो अंदाज बांधायचे, आणि ते अंदाज हाताखालच्या कारकुनांवर सोपवायचे. मोजणीत चुका झाल्या, प्रतवारीत लाचलुचपत झाली, आणि १८३०मध्ये लागू केलेला आकार काही वर्षांतच कोसळला. इंदापूर आणखी ओस पडले.

साखळी

१८३५मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा बॉम्बे इंजिनिअर्समधला लेफ्टनंट, दोघेही विशीच्या उमेदीतले, इंदापुरात प्रिंगलचे काम तपासायला आणि सुधारायला लागले. जुनी मोजणी दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे असे दिसल्यावर त्यांनी नव्याने मांडणी केली. १८३६पासून तीस वर्षांसाठी बांधलेला इंदापूरचा हा आकार पुढे साऱ्या मुंबई इलाख्याचा नमुना ठरला. १८४७मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम बांधले, आणि तीच पद्धत गुजरात, कर्नाटक, सिंध, पुढे वऱ्हाड आणि म्हैसूरपर्यंत गेली. आज महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यांवर जिथे जिथे सर्व्हे नंबर दिसतो, त्याचे मूळ या कोरड्या तालुक्यात आहे.

पद्धतीचा पाया ३३ फुटी साखळी हा होता. साखळीचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शंकूने काटकोन साधायचा, साखळीने अंतर घ्यायचे आणि शेताचे टिपण काढायचे : मधून एक पायारेषा, तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे लंब. टिपण प्रमाणात नसले तरी त्यावरच्या मापांवरून ते शेत पुन्हा जमिनीवर जसेच्या तसे उभे करता येते. म्हणूनच आजही हद्दीचा वाद कोर्टात गेला की जुनी टिपणे मागवली जातात.

यातला सर्वांत मोठा निर्णय शेताच्या आकारमानाचा होता. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन हा साधारण निकष धरून तिला एक क्रमांक दिला गेला. क्षेत्र लहान असेल तर शेजारचे तुकडे एकत्र घातले, मोठे असेल तर तोडले. कडेने मातीचे वरंबे घातले, कोपऱ्यांना दगड रोवले. आकार त्या क्रमांकावर बसला. शेतकरी सारा भरील तोवर जमीन त्याची. वर्षाअखेर नको असेल तर राजीनामा द्यायचा आणि दुसरा नंबर हवा असेल तर कबुलायत. शेतकऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडला गेला.

मग आली प्रतवारी. विंगेटने उत्पन्नाचा हिशोब सोडून दिला आणि माती पाहिली. शेताच्या रेखाटनावर चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत खणून मातीचा रंग आणि खोली पाहायची. काळी, तांबूस आणि मुरमाड असे तीन वर्ग, पावणेदोन हातांपर्यंतची खोली, आणि त्यावरून एकूण नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे असा एकेक दोष दिसला की प्रत एका पायरीने खाली. शेवटी हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि शेतीची रीत पाहून गावांचे गट पाडायचे आणि गटाचा सर्वोच्च दर ठरवायचा. आकार हलका ठेवल्यामुळे लागवड वाढली, पडीक उठली, गेलेली माणसे परत आली. प्रशासनाच्या दृष्टीने इंदापूर यशस्वी झाले.

या मोजणीतून गावनकाशा तयार झाला. पुढे पुण्याच्या फोटोझिंको छापखान्यातून असे नकाशे छापून निघू लागले. एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, हे त्यांचे सर्वपरिचित प्रमाण. त्यात गावठाण, ओढे, विहिरी, पांदी, शिवरस्ते आणि नंबरांच्या हद्दी दिसतात. बारकाईने पाहणाऱ्याला या एका कागदावर दोन काळ दिसतात. ओढ्याकाठच्या, गावठाणाजवळच्या नंबरांच्या कडा वाकड्यातिकड्या असतात. तिथे जुन्या थळांच्या हद्दी तशाच उचलल्या गेल्या. माळावरचे नंबर मात्र सरळ रेषांचे, चौकोनी. तिथे पडीक माळ साखळीने तोडून क्रमांक पाडले गेले. काय आधीपासून कसले जात होते आणि काय साखळीने शेत बनवले, हे त्या कडाच सांगतात.

या नकाशावरून शेतांची नावे मात्र गेली. पिंपळाचे, देवीचे, बारवेचे अशा नावांऐवजी १, २, ३ असे आकडे आले. लोकांच्या बोलण्यात नावे टिकली, सरकारी कागदावर नाहीत. आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे मोकळी कुरणे. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातली तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. भीमथडीचे तट्ट हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. ती तट्टे आणि धनगरांची मेंढरे ज्या गवताळ माळांवर चरत, तिथे आता क्रमांक पडले आणि क्रमांक पडला की सारा आला. गुराखी आणि मेंढपाळ यांची वर्षभराची वाट गावनकाशावर कुठेच उमटत नाही, कारण वाटेवर सारा बसत नाही. नकाशा ज्या कामासाठी काढला त्या कामाच्या गोष्टी त्यात येतात, बाकीच्या गळतात. त्यामुळे जुना नकाशा वाचताना तो कोणी आणि कशासाठी काढला हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

विंगेटबद्दल आणखी एक नोंद इथे करायला हवी. हाच माणूस पुढे सर जॉर्ज विंगेट झाला, आणि १८५९मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका लिहून हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जाणाऱ्या खंडणीवर त्याने कडक टीका केली. इंदापूरची माती हात हात खणून पाहिलेल्या अधिकाऱ्याने ही टीका केली, याला महत्त्व आहे.

रूळ आणि रोखे

गावनकाशे तयार होऊन वीस-बावीस वर्षे होतात न होतात तोच त्यांच्यावरून एक नवी रेषा गेली. डिसेंबर १८५८मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आली आणि पुढे १८६०मध्ये सोलापूरला पोहोचली. तालुक्याच्या वरच्या कडेने गेलेल्या या रुळांनी बाजाराचे अंतर एकदम कमी केले. त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्याबरोबर इतर मालाचे भाव चढले.

तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७च्या सुमारास कर्नल फ्रान्सिस याच्या देखरेखीखाली इंदापूरची फेरमोजणी आणि फेरआकारणी झाली. चढे भाव आणि रेल्वे समोर ठेवून आकार वाढवला गेला. पण भाव उतरले, आकार तसाच राहिला. हप्त्याच्या वेळी पैसा लागे तो सावकाराकडून येई, आणि आता जमीन क्रमांकवार नोंदलेली, हद्द ठरलेली, विकता येण्याजोगी असल्यामुळे सावकाराला ती तारण म्हणून हवीशी झाली होती. ज्या नंबराने शेतकऱ्याला हक्क दिला, त्याच नंबराने तो हक्क गहाण टाकण्याची सोय केली. १२ मे १८७५ला शेजारच्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले. सावकारांकडचे रोखे आणि कागद मिळवून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. या उठावाची कारणे अभ्यासताना सावकारी व्याजाइतकेच फेरआकारणीच्या नकाशांकडे आणि तक्त्यांकडेही पाहावे लागते.

कालवा

१८७६-७७च्या दुष्काळाने दख्खनेत पाण्याच्या प्रश्नाला तोंड फोडले. नीरेचा डावा कालवा या काळात हाती घेतला गेला. वीरजवळ नदीला बंधारा घालून पाणी वळवले, वर भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधून साठा केला, आणि १८८५च्या सुमारास कालव्यात पाणी वाहू लागले. सुमारे शंभर मैलांचा हा कालवा पुरंदर, बारामतीतून इंदापुरात शिरतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस भाटघरला आणखी मोठे धरण झाले आणि पाणी वाढले.

आता गावनकाशाच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण खात्याचा एक इंच-एक मैल नकाशा घ्यावा लागतो. इंदापूर तालुका यात चार ठिकाणी विभागला जातो. पूर्व रेखांश ७५ इंदापूर शहराजवळून जातो आणि अक्षांश १८ तालुक्याच्या दक्षिण भागातून. त्यामुळे तालुक्याचे भाग ४७ जे, ४७ के, ४७ एन आणि ४७ ओ या मालिकांच्या पत्रकांवर येतात. हे नकाशे सारा ठरवण्यासाठी काढलेले नाहीत. त्यांत शेताच्या हद्दी नाहीत, पण गावनकाशात जे नाही ते आहे : समोच्च रेषा, म्हणजे जमिनीचे चढउतार.

समोच्च रेषांशेजारी कालव्याची रेषा पाहिली की तालुक्याचे नशीब स्पष्ट होते. कालवा उताराने वाहतो, म्हणून तो समोच्च रेषेला धरून वळणे घेत जातो. त्याच्या खालची, नीरेकडची जमीन भिजते. त्याच्या वरची जमीन, मग ती हाताच्या अंतरावर असली तरी, कोरडीच राहते. एकाच गावात, कधी एकाच भावकीत, कालव्याच्या खालचा बागायतदार आणि वरचा जिरायतदार अशी फाळणी झाली. विंगेटने सोळा आणे ठरवलेली खोल काळी जमीन कालव्याच्या वर पडली तर तिची किंमत खालच्या हलक्या जमिनीपुढे फिकी पडली. मातीवर उभी असलेली जुनी प्रतवारी पाण्याच्या एका रेषेने उलटीपालटी झाली.

ऊस आला, गुऱ्हाळे आली. सासवडकडचे कसबी माळी बागायतदार कालव्याच्या काठाने पुढे सरकत गेले. त्यांतल्याच काहींनी पुढे १९३०च्या दशकात माळीनगरला कारखाना उभा केला. कालव्याचे पाणी कसे वाटावे यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक ब्लॉकला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, त्यात उसाचा वाटा मर्यादित ठेवायचा आणि बाकी क्षेत्रात इतर पिके फिरती ठेवायची, असा तिचा हेतू होता. थोडे पाणी जास्त गावांना पुरवण्याचा तो विचार होता आणि तो आजही शिळा झालेला नाही.

लवकरच पाण्याची दुसरी बाजूही दिसली. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिले, निचरा होईना, खालचे क्षार वर आले आणि चांगल्या शेतांवर पांढरा पापुद्रा धरू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींचा अभ्यास १९१०मध्ये प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन तेव्हा फक्त पंचवीस वर्षे झाली होती. आजही नीरा खोऱ्यातल्या चोपण जमिनी गावनकाशावर खुणावून पाहिल्या तर बहुतेक सखल भागात, ओढ्यांच्या जवळ येतात. निचऱ्याची वाट कुठे असायला हवी होती, ते जुन्या नकाशातले ओढे सांगतात. त्यांतले कितीतरी ओढे नंतर नांगरून शेतात घेतले गेले.

१९३०च्या दशकात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाचा साखर कारखाना उभा राहिला आणि वालचंदनगर वसले. जिथे पूर्वीच्या नकाशात माळ आणि तुरळक वस्ती आहे, तिथे पुढच्या नकाशात आखीव रस्ते, कारखाना आणि वसाहत दिसते. पुढे भवानीनगरचा सहकारी कारखाना आला. नीरेच्या बाजूचा हा पट्टा साखरेचा झाला.

तुकडे

गावाच्या आतही एक बदल चालू होता. एका बैलजोडीच्या हिशोबाने पाडलेला नंबर पिढीगणिक वाटला जात होता. १९०३च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर मालकीची नोंद ठेवणे आले, आणि मग पोटहिस्से मोजणे आले. नकाशावर एका नंबराच्या पोटात बारीक रेषा दिसू लागल्या. फाळणी नकाशे पाहिले तर त्या रेषा बहुधा लांबट पट्ट्यांच्या असतात, कारण प्रत्येक भावाला विहिरीकडची, ओढ्याकडची आणि माळाकडची अशी सगळ्या प्रतींची जमीन हवी असते.

याचे सर्वांत नेमके चित्र मान यांनीच पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावात काढले. तिथे सरासरी धारणा १७७१मध्ये ४० एकर होती, १८१८मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५मध्ये ७ एकर. गाव इंदापूरचे नसले तरी जिल्हा तोच आणि प्रक्रिया तीच. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने हे उलट फिरवण्याचा प्रयत्न केला. गावोगाव एकत्रीकरण योजना झाल्या, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आज एखाद्या गटाचा इतिहास शोधणाऱ्याला आधी गटावरून जुन्या सर्व्हे नंबरकडे जावे लागते. त्यासाठी एकत्रीकरणाचा तक्ता, आकारबंद, गुणाकार बुक, टिपणे असे कागद लागतात. हा दुवा हरवला की शंभर-दीडशे वर्षांची साखळी मधेच तुटते.

बुडीत रेषा

तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला, भीमेच्या काठावर, तिसरी रेषा यायची होती. सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पूर्ण संचयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर. त्या पातळीची समोच्च रेषा नकाशावर आखली की तिच्या आतले सगळे बुडीत. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या गावांतून ती रेषा गेली.

या वेळी बुडाली ती नदीकाठची काळी, खोल, जुनी जमीन. गावनकाशावर वाकड्या कडांचे जे नंबर दिसतात, ज्यांत पूर्वजांनी शेकडो वर्षे ज्वारी पिकवली, ते बहुतांशी या पट्ट्यात होते. पळसदेवचे जुने गावठाण गेले, पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली गेले. डिकसळची १८५८ची लाइन हलवावी लागली. जुना रेल्वेपूल पुढे रस्त्यासाठी वापरात आला. लोकांनी माळावर नवी गावठाणे वसवली. ज्या माळाला विंगेटच्या प्रतवारकाराने दोन-चार आणे दिले होते, तिथे आता बुडीत गावांची घरे आहेत.

आणि त्याच माळावर उपसा सिंचनाच्या मोटारी बसल्या, पाइपलाइन गेल्या, ऊस आला. मासेमारी वाढली. भिगवण आणि कुंभारगावच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. ज्यांची जमीन वाचली त्यांना पाणी मिळाले. ज्यांची गेली त्यांतल्या अनेकांना लांबच्या पुनर्वसन गावांत नव्याने सुरुवात करावी लागली. धरणातले पाणी ओसरले की काठची माणसे उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करतात. तेव्हा जुन्या बांधांच्या ओळी पुन्हा दिसतात आणि म्हातारी माणसे आपला नंबर ओळखतात. दुष्काळी वर्षी पळसनाथाचे शिखर वर येते तेव्हा लोक होडीतून दर्शनाला जातात. एका वेळी दुष्काळाची आणि बुडालेल्या गावाची आठवण देणारे हे दृश्य या तालुक्याच्या सगळ्या इतिहासाचे सार आहे.

१९७२पासून उपलब्ध असलेली लँडसॅट उपग्रहाची चित्रे या बदलाची साक्ष देतात. त्यांत सत्तरच्या दशकातली भीमा एक बारीक रेघ आहे आणि ऐंशीनंतर रुंद जलाशय. पण त्या चित्रात बुडालेल्या शेताचा मालक कोण, त्याला काय मिळाले, हे नाही. त्यासाठी पुन्हा गावनकाशा, भूसंपादनाचे निवाडे आणि लोकांची आठवण यांच्याकडेच यावे लागते.

नकाशा कसा वाचावा

इंदापूरच्या तीन रेषा एकत्र पाहिल्या की आज तालुक्यात चाललेली पाण्याची भांडणे नवी वाटत नाहीत. नीरेचा कालवापट्टा, मधला कोरडा उंचवटा आणि उजनीचा काठ हे तीन पट्टे निसर्गाने जितके केले तितकेच कागदावरच्या निर्णयांनी केले. टोकाच्या गावांना कालव्याचे पाणी पोहोचत नाही अशी तक्रार वर्तमानपत्रांत आपण वाचतो. तिची मुळे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या आखणीत सापडतात. कोणत्याही नव्या बोगद्याची, पाइपलाइनची किंवा रस्त्याची रेषा आखण्यापूर्वी आधीच्या रेषांनी कोणाला काय दिले आणि कोणाचे काय नेले, याचा हिशोब मांडला गेला पाहिजे. तो मांडता येतो, कारण कागद आहेत.

हे काम इतिहासकारांपुरते नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या गावचा नकाशा मिळतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आणि इंग्रजी अमदानीतले कागद आहेत. सर्वेक्षण खात्याचे नकाशे आणि उपग्रहचित्रे आता संगणकावर एकमेकांवर बसवता येतात. कमी पडते आहे ती जोडणी : नंबराला नाव देणारी माणसे. कोणत्या नंबराला कोणते नाव होते, पांद कुठून जायची, मेंढरे कुठे बसायची, कोणत्या विहिरीला कधी पाणी आटले, बुडीत गेलेल्या वाडीत कोणाकोणाची घरे होती, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते सत्तरी-ऐंशीतल्या माणसांना ठाऊक आहे.

म्हणून आपल्या गावचा जुना नकाशा मिळवा, तो मोठा करून छापा आणि गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर चावडीत पसरा. शाळेतल्या मुलांना हाताशी घ्या, एकेका नंबरावर त्याचे जुने नाव लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक शाळेत ठेवा. हे काम आताच्या पिढीने केले नाही, तर पुढच्या पिढीला फक्त क्रमांक मिळतील.